कार्डिऑलॉजीचा पगार आणि रात्रीचा हिशोब

घोडबंदर रोडने माजिवड्याहून कासारवडवलीकडे किंवा ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीहून सीबीडीकडे जाताना रुग्णालयांच्या पाट्या वाचत गेलं, तर एक ओळ पुन्हा पुन्हा दिसते: '२४ तास हृदयरोग उपचार'. त्या २४ तासांमागे किती डॉक्टर आहेत हे पाटीवर नसतं. माझ्या पाहण्यात बऱ्याच ठिकाणी दोन असतात, काही ठिकाणी एकच. एमडी मेडिसिन करून पुढे कार्डिऑलॉजी घ्यावी की नाही या विचारात जी मुलं आज आहेत, त्यांनी पगाराचा आकडा विचारण्याआधी ही संख्या विचारावी, असं माझं ठाम मत आहे. आणि ती संख्या वाढवणं ही त्या मुलांची खासगी अडचण म्हणून सोडून देऊ नये, कारण पहाटे तीनला छातीत कळ आली की आपण सगळे त्याच एका-दोघांवर अवलंबून असतो.

मी ठाण्यात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते. हृदयरोगतज्ज्ञ नाही, पण हार्ट अटॅकचा पेशंट पहिल्यांदा माझ्यासारखीच्या समोर येतो आणि तिथून तो कोणाच्या हाती द्यायचा हे मला ठरवावं लागतं. त्यामुळे ज्यांना मी रात्री-अपरात्री फोन करते त्यांचं आयुष्य मी जवळून पाहते. त्यात सध्या माझी भाची नीट-एसएस या एमडीनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या समुपदेशनाच्या उंबरठ्यावर आहे. मेडिसिन झालेल्यांना एकच परीक्षा द्यावी लागते आणि मग क्रमांकानुसार कार्डिऑलॉजी, गॅस्ट्रो, न्यूरो, नेफ्रो, एंडोक्राइन (हार्मोन्सचे विकार) असे पर्याय समोर येतात. घरातल्या मोठ्यांचं एकच म्हणणं: 'कार्डिओच घे, पैसा तिथेच आहे.' तिने मला विचारलं, "अगं मावशी, पैसे मिळतील, पण मला झोप कधी मिळणार ते सांग."

प्रश्न अगदी रास्त आहे. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, आणि कार्डिऑलॉजीसारख्या शाखेच्या डीएम पदवीची तीन. सरकारी महाविद्यालयातून शिकलं तर प्रत्येक टप्प्यानंतर महाराष्ट्रात एक वर्षाची बंधपत्रित सेवा. परीक्षांच्या तयारीत जाणारी वर्षं वेगळीच. बाविसाव्या वर्षी इंजिनिअर होऊन ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये लागलेला वर्गमित्र घराचे निम्मे हप्ते फेडून मोकळा होतो, तेव्हा या मुलांचा पहिला खरा पगार सुरू होतो. खासगी किंवा अभिमत महाविद्यालयातून शिकलेल्यांवर कर्जही असतं. म्हणून कोणी पगाराचा विचार केला तर त्याला लोभी ठरवणं मला मुळीच मान्य नाही. 'डॉक्टरने पैसे मोजू नयेत' असं म्हणणाऱ्यांनी या मुलांच्या फीच्या पावत्या एकदा बघाव्यात.

पण पगार मोजायचाच तर नीट मोजावा. समजा, एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाला महिन्याला ५ लाख मिळतात आणि तो आठवड्याला ८० तास काम करतो. त्याच्याच बॅचच्या एंडोक्राइनवालीला ३ लाख मिळतात आणि ती ४८ तास काम करते. तासाचा दर काढा: दोघांचाही १,४५०च्या आसपास येतो. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, कोणाची पगारपत्रिका समोर ठेवलेली नाही. शिवाय या हिशोबात एक गोष्ट आलेलीच नाही. ऑन कॉल असताना, म्हणजे कधीही बोलावणं येऊ शकतं अशा पाळीत, फोन वाजला नाही तरी तो माणूस मोकळा नसतो. त्याला रुग्णालयापासून अर्ध्या तासाच्या आत राहावं लागतं. गडकरी रंगायतनला नाटकाला गेला तर कडेच्या खुर्चीवर बसावं लागतं. कर्जतला जाऊन एक रात्र राहता येत नाही. घर घेताना घोडबंदरच्या गायमुखकडच्या टोकाला स्वस्त मिळतंय म्हणून घेता येत नाही, कारण तिथून निघालेली गाडी कापूरबावडीला अडकली की पेशंटची मिनिटं जातात. या थांबून राहण्याचे पैसे बहुतेक करारांत शून्य असतात.

या रात्री मुळात कार्डिऑलॉजीच्या वाट्याला कशा आल्या, हे समजून घ्यायला हवं. ज्येष्ठ मंडळी हमखास म्हणतात, 'आम्ही नाही का केलं? आमच्या वेळी कोण तास मोजत होतं?' त्यांच्या कष्टांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण त्यांच्या वेळचं काम वेगळं होतं. ऐंशीच्या दशकात हार्ट अटॅकवर रक्ताची गाठ विरघळवणारी औषधं आली. १९८६ साली इटलीतल्या मोठ्या अभ्यासाने स्ट्रेप्टोकायनेजचा फायदा निर्विवाद दाखवला आणि पुढची कित्येक वर्षं तोच मुख्य उपचार होता. ते इंजेक्शन आयसीयूतला निवासी डॉक्टर द्यायचा. साहेबांना फोन जायचा, ते सूचना द्यायचे आणि सकाळी राउंडला यायचे. झुरिकमध्ये १९७७ साली आंद्रियास ग्रुंट्झिग यांनी पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी आतून फुग्याने रुंद करण्याची प्रक्रिया, केली होती, पण ती आधी ठरवून, तारीख घेऊन करायची गोष्ट होती. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर एकामागून एक अभ्यासांनी दाखवलं की अटॅक चालू असतानाच बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडली, तर औषधापेक्षा जास्त जीव वाचतात. मग निकष ठरला: पेशंट रुग्णालयाच्या दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत रक्तवाहिनी उघडली पाहिजे. उपचार इंजेक्शनात होता तोवर तज्ज्ञ घरी झोपू शकत होता. आता उपचार त्याच्या हातात आहे, म्हणून रात्री त्यालाच उठावं लागतं. पेशंटसाठी हा फार मोठा लाभ आहे. त्याची भरपाई मात्र तज्ज्ञांची संख्या वाढवून किंवा त्यांचं वेळापत्रक बदलून कोणी केली नाही. जुन्याच माणसांवर नवं काम चढवलं गेलं.

पहाटेचा एक कॉल कसा असतो ते सांगते. दोन वाजून काही मिनिटांनी रिक्षातून एक माणूस येतो, पन्नाशीच्या आतला, घामाने डबडबलेला, सोबत बायको आणि शेजारी. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक जगातल्या इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षं आधी येतो हे इंटरहार्ट अभ्यासातून पुढे आलं आहे, आणि आमच्या ओपीडीत ते रोज दिसतं. आरएमओ, म्हणजे रुग्णालयातला निवासी डॉक्टर, ईसीजी काढून मोबाइलवर पाठवतो. तज्ज्ञ डोळे चोळत तो मोठा करून पाहतो, एसटीची रेघ उंचावलेली दिसते, ही अटॅकची खूण, तो 'लॅब उघडा' (कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली) एवढंच म्हणतो आणि शर्ट चढवतो. तंत्रज्ञ कळव्याहून निघतो, नर्स वरच्या मजल्यावरून येते. तज्ज्ञ पोहोचला की आधी नातेवाइकांशी बोलणं. त्या बाईला पाच मिनिटांत सांगायचं असतं की नवऱ्याच्या हृदयाची मुख्य नळी बंद आहे, ती आत्ता उघडायची आहे, धोका आहे, खर्च इतका आहे, सही इथे करा. ती विचारते, "डॉक्टर, सकाळी दिरांना येऊ दे का? ते बघतील." या एका वाक्यावर दहा मिनिटं जाऊ शकतात आणि ती कशी वाचवायची हे डीएमच्या पुस्तकात नसतं. मग अंगावर पाच-सात किलोचा शिशाचा एप्रन, गळ्यात थायरॉइडची पट्टी, मनगटातून नळी, पडद्यावर अर्धवट तुटलेली काळी रेघ. तार गाठीतून पलीकडे जाते, फुगा फुगतो, आणि ती रेघ अचानक टोकापर्यंत भरते. त्याच क्षणी ठोके बिघडू शकतात म्हणून सगळ्यांची नजर मॉनिटरवर. साडेचारला तो माणूस म्हणतो, "दुखायचं थांबलं." हे मी स्वतः शेजारच्या खोलीत काचेपलीकडून पाहिलं आहे, आणि वैद्यकात याच्याइतकं थेट समाधान देणारं काम फार थोडं आहे, हे मी भाचीलाही सांगितलं.

आणि हेही सांगितलं की त्याच दिवशी सकाळी दहाला त्या डॉक्टरची ओपीडी वेळेवर सुरू झाली होती. बाहेर खुर्च्या भरलेल्या. दुपारी आधीच ठरलेल्या दोन अँजिओग्राफी. आदल्या सकाळपासून सुरू झालेला त्याचा दिवस संध्याकाळी सातला संपला. मधे जी झोप झाली ती कॉलच्या आधीची दोन-तीन तासांची.

बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या आयसीयूत झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. सलग २४ तास किंवा जास्त ड्युटी करणाऱ्या इंटर्नच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. आपल्याकडे केंद्र सरकारच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत निवासी डॉक्टरांना सर्वसाधारणपणे सलग १२ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये असं लिहिलेलं आहे. ते किती पाळलं जातं हे कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारा. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. हे झालं शिकणाऱ्यांचं. शिकून बाहेर पडलेल्या तज्ज्ञासाठी मला असा कोणताच नियम दिसत नाही. नवी मुंबईच्या विमानतळावर विमान उतरवणाऱ्या वैमानिकाने किती तास उडायचं आणि आठवड्यात किती तास विश्रांती घ्यायची हे विमान वाहतूक महासंचालनालय ठरवतं. अलीकडेच त्या साप्ताहिक विश्रांतीची किमान मर्यादा ३६ तासांवरून ४८वर नेली गेली. तिथून काही किलोमीटरवरच्या कॅथलॅबमध्ये एखाद्याच्या हृदयात तार सरकवणारा माणूस शेवटचा कधी झोपला, हे विचारण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. हे मला भयंकर वाटतं.

शरीराचीही किंमत आहे. एप्रन वर्षानुवर्षं घालून मान आणि कंबर जाते, मणक्याच्या चकतीचे त्रास या मंडळींत नेहमीचे आहेत. किरणोत्सर्गाचा हिशोब ठेवायला टीएलडी बॅज असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आहे. छतावरून टांगलेली शिशाची काच, शिशाचे चष्मे आणि थोडी शिस्त असेल तर ही मर्यादा पाळणं अवघड नाही. पण सगळ्यांनी बॅज नियमित लावला तरच हे कळेल, आणि डोळ्यांत लवकर मोतीबिंदू होण्याचा धोका या कामात वाढतो हेही सिद्ध आहे. मुलींना 'रेडिएशन आहे, तू नको घेऊस' असं सांगून घरचेच परतवतात. गरोदरपणासाठी नियम वेगळे आणि कडक आहेत, त्या काळात इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ओपीडीचं काम देता येतं. गटात सहा जण असतील तर हे सहज जमतं, दोघांत जमत नाही. म्हणजे मुली या विषयात कमी का, या प्रश्नाचं एक उत्तरही पुन्हा त्या संख्येतच आहे.

आता पैसे कशाचे मिळतात ते बघू. कॉर्पोरेट रुग्णालयात सुरुवातीला वर्ष-दोन वर्षं मिनिमम गॅरंटी, म्हणजे ठरलेला किमान पगार, असते, मग उत्पन्न कामावर जातं: जितक्या प्रोसिजर (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी वगैरे), तितका वाटा. फेब्रुवारी २०१७मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीच्या, किमतींवर मर्यादा घातली. लाखाच्या वर विकला जाणारा औषधाचा लेप असलेला स्टेंट तीस हजारांच्या आत आला. फार चांगला निर्णय होता तो. डॉक्टरचं मानधन मात्र प्रोसिजरलाच बांधलेलं राहिलं. आणि इथे विज्ञान वेगळं काही सांगतं. स्थिर आजाराच्या, म्हणजे अटॅक चालू नसलेल्या पेशंटमध्ये आधी औषधं द्यावीत की आधी स्टेंट-बायपास, यावर इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास झाला, ५,१७९ पेशंटचा. २०१९ला निष्कर्ष आले. लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने छातीत दुखणं कमी झालं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे जीव वाचवणारी अँजिओप्लास्टी मुख्यतः अटॅकच्या वेळची, जी रात्री येते. सरकारी योजनांच्या पॅकेजमध्ये तिचा दर ठरलेला असतो, ती दुपारी केली की पहाटे यावर तो बदलत नाही. उलट, पेशंटला चाळीस मिनिटं बसवून तंबाखू सोडायला लावणं, गोळ्या का थांबवायच्या नाहीत हे पटवणं, याला ओपीडीच्या फीपलीकडे काहीच नाही. पगार असा रचला की तरुण डॉक्टर रात्रीची कसर दिवसाच्या प्रोसिजरच्या आकड्यातून भरून काढायला बघणार. मी त्याला दोष देणार नाही. रचना बदलायला हवी: ठरावीक पगार मोठा, प्रोसिजरचा वाटा लहान, आणि ऑन कॉलच्या रात्रीचे पैसे फोन वाजो न वाजो.

रुग्णालयांच्या व्यवस्थापकांचं उत्तर मला माहीत आहे. रात्री आठवड्याला दोन-तीनच केस येतात, त्यासाठी सहा तज्ज्ञ परवडत नाहीत. एकेका रुग्णालयापुरतं ते खरं आहे. म्हणूनच एकेकट्याने हे करू नये. ठाणे शहरात आणि वाशी ते बेलापूरच्या पट्ट्यात कॅथलॅब किती जवळजवळ आहेत बघा. त्या सगळ्या रोज रात्री अर्ध्या झोपेत जागतात. त्याऐवजी रात्री वाटून घ्याव्यात: आज या दोन केंद्रांवर पूर्ण तयारीची टीम, उद्या त्या दोन. १०८च्या रुग्णवाहिकेला रोजची यादी माहीत असावी आणि तिने पेशंट थेट तिथे न्यावा. लंडनमध्ये मोजकी हृदयविकार केंद्रं ठरवून रुग्णवाहिका जवळचं रुग्णालय ओलांडून सरळ तिथे जातात. अडचणी आहेत. एका रुग्णालयाचा पेशंट दुसऱ्याकडे गेला की उत्पन्न जातं, कुठे महात्मा फुले योजना लागू असते तर कुठे नसते, कॅशलेसचं जाळं प्रत्येकाचं वेगळं. यातली कोणतीही अडचण वैद्यकीय नाही. सगळ्या एका टेबलावर बसून सुटणाऱ्या आहेत, आणि ते टेबल महापालिकांनी मांडायला हवं.

मुरबाड-शहापूरच्या पेशंटचा मुद्दा वेगळा आहे. तिथून ९० मिनिटांत कळव्याच्या किंवा ठाण्याच्या कॅथलॅबमध्ये पोहोचून नळी उघडणं बहुतेक वेळा शक्यच नसतं. अशा वेळी तालुक्याच्या रुग्णालयात टेनेक्टेप्लेजसारखं गाठ विरघळवणारं इंजेक्शन लगेच द्यायचं आणि मग पेशंट पाठवायचा. गाठ विरघळली असेल तर अँजिओग्राफी पुढच्या २४ तासांत, दिवसाउजेडी करता येते. यात पेशंटच्या हृदयाचा स्नायू वाचतो आणि एक रात्रही वाचते. हे काम आम्हा फिजिशियनचं आहे, आणि ते आम्ही अंगावर घेतलं पाहिजे. 'कार्डिऑलॉजिस्ट बघतील' म्हणत पेशंटवर उपचार न करता त्याला पुढे ढकलणं बंद झालं पाहिजे.

भाचीला मी कार्डिऑलॉजी घे असंच सांगितलं आहे. तिचा हात चांगला आहे, घाबरत नाही आणि नातेवाइकांशी नीट बोलते. पण नोकरीच्या वेळी काय विचारायचं याची उजळणी मी तिच्याकडून आत्ताच करून घेते. ऑन कॉलला किती जण आहेत? कॉलनंतरच्या सकाळची ओपीडी कोण घेतं? ऑन कॉलचे पैसे लेखी आहेत का? गॅरंटी संपल्यावर महिन्याला किती प्रोसिजरची अपेक्षा आहे, आणि ती पूर्ण झाली नाही तर काय? लॅबमध्ये टांगलेली शिल्ड आहे का? चार जणांत रात्री वाटलेली नोकरी महिन्याला लाखभर कमी देत असेल तरी तीच घ्यावी, असं मी तिला सांगते. घरच्यांना हे पटत नाही, मला पटवावं लागतंय. सगळ्यांनीच रात्री घालवायला हव्यात असंही नाही. इको आणि इमेजिंग, हार्ट फेल्युअर, लहान मुलांचं हृदय, ठोक्यांचे विकार ही सगळी कार्डिऑलॉजीच आहे. खारघरला लहान मुलांच्या हृदयावर मोफत उपचार करणारं रुग्णालय आहे, तिथलं काम एकदा बघून ये म्हटलंय मी तिला.

पण एकटी मुलगी मुलाखतीत बसून किती घासाघीस करणार? तिने नाही म्हटलं तर पुढचा कर्जाखाली दबलेला मुलगा हो म्हणेल. म्हणून हा आकडा सार्वजनिक व्हायला हवा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांचे आरोग्य विभाग महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली खासगी रुग्णालयांची नोंदणी आणि नूतनीकरण करतात. खाटा किती, नर्स किती, अग्निशमनाचा दाखला आहे का, हे त्यात तपासलं जातं. ज्या रुग्णालयाला '२४ तास हृदयरोग उपचार' अशी पाटी लावायची आहे, त्याने रात्रीच्या ऑन कॉलचं वेळापत्रक अर्जासोबत जोडावं आणि दर्शनी भागात लावावं. आठवड्याच्या सातही रात्री एकाच माणसाचं नाव असेल तर ती पाटी उतरवायला सांगावी. यासाठी नवं रुग्णालय बांधायला नको की मोठा निधी नको, फक्त अर्जात एक रकाना वाढवायचा आहे. आणि त्या रकान्यात कॅथलॅबचे तंत्रज्ञ आणि नर्सही हव्यात, कारण तज्ज्ञाला निदान वाटा तरी मिळतो, त्यांना पहाटे तीनला उठून आल्याचा प्रवासखर्चही अनेक ठिकाणी मिळत नाही.